कुंजीलालचा तीन जागचा नमुना

कुंजीलाल पटले भित्रा आहे हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण तो स्वतःच ते सगळ्यांना सांगत फिरतो. वीज चमकली की तो पत्र्याखाली थांबत नाही. ट्रकच्या मागून जात नाही. दवाखान्याच्या वासानं त्याला घाम फुटतो. बायकोच्या बाळंतपणातसुद्धा हा गडी दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता, आणि मुलगी झाल्याचं त्याला टपरीवाल्यानं सांगितलं. असा माणूस जपानी कार्टूनांचा जाणकार कसा झाला, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, भित्रा होता म्हणूनच झाला.

आम्ही दोघं गोंदियाबाहेरच्या एका राईस मिलमध्ये कामाला. मी, कवडू, गेटजवळच्या धर्मकाट्यावर बसतो. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा आणि मधल्या वेळात ड्रायव्हरांशी भांडायचं, हे माझं काम. भांडणाची मला आवडही आहे. कुंजीलाल आत असतो, जिथं धानाचे ढीग पडतात आणि धुळीनं समोरचा माणूस दिसत नाही. तो पोत्यात परखी खुपसतो. परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. ती खुपसली की पोतं न उघडता आतले दाणे हातात येतात. वरून थोडे, मधून थोडे, बुडातून थोडे. ते तळहातावर पसरायचे, एक दाणा दातानं फोडायचा आणि सांगायचं, माल सुका की ओला, कणी किती पडेल, नव्यात जुना मिसळला का. तीन जागा पाहिल्या की पोतं कळलं.

ही विद्या त्याला भैयाजींनी दिली. भैयाजी त्याचे उस्ताद. दम लागायला लागला म्हणून त्यांनी काम सोडलं आणि चोरखमाऱ्याच्या धरणाजवळ मुलाकडे राहायला गेले. आमच्यापैकी कोणी त्यांना भेटायला गेलं नाही. कुंजीलाल तर त्यांचं नावही काढू देत नसे. त्याला स्वतःलाही खोकला होता, पण तो आला की कुंजीलाल गमछा तोंडावर दाबून भिंतीआड जायचा आणि डोळे पुसत परत यायचा. मी चिडवायचो, "काऊन गा, लपून तंबाखू खाऊन राहिला का?" मी बाहेर काट्यावर, मोकळ्या हवेत, मला कसली आलीय धूळ.

त्याची एकुलती एक पोरगी योगेश्वरी. नागपूरला एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायला गेलेली. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. भांडली नाही, रडली नाही, कारणही सांगितलं नाही. खोलीत बसायची, चार घास खायची आणि फोनवर जपानी कार्टून पाहायची. आजकालची पोरं त्याला ॲनिमे म्हणतात. आई रामकलीनं विचारून पाहिलं, तर म्हणे, "काई नाई आई, बरं वाटत नाई." बापाशी तर ती नजरही मिळवेना.

झालं, कुंजीलालची पाचावर धारण बसली. त्यांच्या नात्यातल्या एका पोरीनं मागच्या साली स्वतःचं बरंवाईट करून घेतलं होतं, आणि तीही आधी अशीच गप्प झाली होती म्हणे. तेव्हापासून त्याला एकच भीती, आपली पोरगी हातची जाईल. काट्यावर माझ्याजवळ येऊन तो दबक्या आवाजात म्हणायचा, "कवडूभाऊ, तिच्या मनात का हाय ते मले कसं कळन?"

"विचार ना तिले, बाप हायेस का कोन हायेस?"

"विचारलं अना तिनं सांगतलं तं?"

सांगितलं नाही तरी भीती, सांगितलं तरी भीती. मग त्यानं स्वतःच एक वाट काढली. पोरगी जे पाहते ते आपण पाहायचं, म्हणजे तिच्या डोक्यात काय चाललंय ते कळेल. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या काट्याच्या खोलीत फोन घेऊन बसायला लागला. हिंदीत बोलणारी जपानी पोरं, हिरव्या-निळ्या केसांच्या पोरी, आकाशातून पडणारे राक्षस. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण शेकडो भागांची मालिका कोण पुरी पाहणार? कुंजीलालनं आपली विद्या लावली. पहिला भाग वरचा, मधला एक मधला आणि शेवटचा बुडाचा. तीन जागचा नमुना घेतला की निकाल तयार.

आणि निकाल तरी कसे! तलवारींच्या एका मालिकेबद्दल तो म्हणाला, "वरून दाणा लांब, चकचकीत. पण मंधात सारा कोंडा. दोघं जन भांडून राहिले, अना भांडता भांडता एकमेकाले लहानपनच्या गोष्टी सांगून राहिले. आपल्या इथं हमालाचं भांडन झालं तं कोनी लहानपन सांगते का?"

लोखंडी राक्षसाच्या मालिकेला त्यानं साफ नापास केलं. नुसती आरडाओरड, हाणामारीच्या ऐन वेळी उभं राहून आपल्याच डावाचं भाषण, आणि नायक दरवेळी अनाथ. पोरींचे चेहरे तर एकाच साच्यातले. केसांचा रंग बदलला म्हणून ओळखायच्या, आणि शाळेच्या पोरींना असले तोकडे कपडे कायले घालतात म्हणून तो खरोखर संतापला. पण एका साध्या मालिकेत एक म्हातारी तांदूळ धुते, तेव्हा पाणी आधी दुधासारखं पांढरं होतं आणि मग हळूहळू निवळतं, हे पाहून या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं कोन दाखवते गा? दाना दाना दिसते. अना कोनाले घाई नाई. नुसता पंखा फिरते, बाहेर पानी पडते, मानसं चूप बसतात. आपल्या सिनेमात तेवढ्यात दोन गाने होऊन जातात."

एकदा त्यानं मला भीतीबद्दलही सांगितलं. म्हणाला, हे लोक भूत अंगावर सोडत नाहीत. दार अर्धं उघडं ठेवतात आणि तुला त्याच्यासमोर बसवून ठेवतात. "मी बी आपल्या घरी तसाच बसून राहतो," तो म्हणाला, आणि मला पुढं चिडवता आलं नाही. पोरीच्या खोलीचं दार तेव्हा अर्धं उघडं असायचं.

हळूहळू मिलमधले हमालही त्याला विचारायला लागले, कोणतं पाहू, कोणतं सोडू. त्याचे गुण-दोष ऐकायला चहाच्या वेळी घोळका जमायचा. पण या सगळ्या पारखीमागे त्याचा प्रश्न एकच असायचा, हे मला ठाऊक होतं. या मालिकेत कोणती पोरगी मरते का? मरत असेल तर त्याचा दिवस खराब. मरत नसेल तर तो दोन घास जास्त खायचा.

एक दिवस योगेश्वरी स्वतःहून खोलीबाहेर आली. बापाशी ती कितीतरी दिवसांनी थेट बोलली, "बाबूजी, तुमी पाहून राहिले ना हे सारं? मंग हे पाहा. पुरं पाहा." आणि त्याच्या फोनवर तिनं एक बारा भागांची मालिका लावून दिली. कुंजीलाल दुसऱ्या दिवशी मिलमध्ये नाचतच आला. पोरगी बोलली! त्यानं मला चहा पाजला, वर भजी खाऊ घातली.

जेवणाच्या सुट्टीत पाहायला बसला आणि उठला तो पांढराफटक पडून.

मालिका एका तळ्याकाठच्या गावाची होती. पहिल्या भागात एक लहान पोरगी आणि तिचा दगडफोड्या बाप तळ्यात मासे धरतात, हसतात. मधल्या भागात तीच पोरगी मोठी होऊन शहरातून परत आलेली. एका दुपारी ती आपली खोली झाडून-पुसून स्वच्छ करते, कपड्यांच्या घड्या घालते, फोन उशीवर ठेवते आणि सायकल घेऊन तळ्याकडे निघून जाते. शेवटच्या भागात आई एका तसबिरीपुढे उदबत्ती लावते. तसबिरीची फक्त मागची बाजू दिसते. अंगणात ती सायकल उभी असते, गंजलेली.

"चित्र असं हाय का हात लावून पाहावं वाटते," कुंजीलाल म्हणाला. "एक बी रेघ फालतू नाई. पन बुडात माल सडला हाय, भाऊ. पोरगी गेली. अना माह्या पोरीनं हेच मले काऊन देल्लं? तिनं मले सांगून ठेवलं का?"

"सारे भाग पाह्यले का तू?"

"तीन जागचे पाह्यले. तीन जागचं पाह्यलं म्हंजे झालं."

मी त्याला बजावलं की आता घरी जा आणि पोरीला सरळ विचार. तो गेला, पण त्यानं काय विचारावं! "बेटा, चित्र मस्त हाय, पन शेवट चांगला नाई," असं म्हणाला. तिनं विचारलं, "पुरं पाह्यलं?" हा घाबरून हो म्हणाला. "आठवा भाग बी?" त्यालाही हो म्हणाला. तेव्हा तिचे डोळे भरून आले. "अना तुमाले काईच नाई वाटलं?" एवढं बोलून ती आत गेली, आणि या वेळी तिनं दार पूर्ण लावून घेतलं. त्यानंतर कुंजीलाल एकाच पोत्यात पुन्हा पुन्हा परखी खुपसायचा. मालकानं दोनदा टोकलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, मी एका ट्रकवाल्याशी भांडत असताना कुंजीलालचा फोन आला. त्या दिवशी तो जेवायला घरी, नागऱ्याला गेला होता. रामकली मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, दवनीवाड्याला माहेरी गेलेली.

"कवडूभाऊ, खोली झाडून ठेवली हाय. कपड्याच्या घड्या हायेत. फोन उशीवर हाय. स्कूटी नाई."

ट्रक तसाच काट्यावर सोडून मी मोटरसायकल काढली. मी रागीट माणूस आहे, पण त्या रस्त्यावर मला कोणावरच राग येत नव्हता. नुसती भीती वाटत होती.

नागऱ्याच्या मंदिराजवळ मुन्नालालची पानटपरी आहे. कुंजीलाल त्याच्यासमोर उभा होता आणि मुन्नालाल हिंदीत सांगत होता, "बिटिया तो कब की निकल गई. पूछ रही थी, चोरखमारा का रास्ता अब ठीक है क्या." हे ऐकून कुंजीलालनं टपरीची फळी घट्ट धरली. चोरखमारा म्हणजे तलाव. यंदा पावसाळा लांबलेला, पाणी काठोकाठ. मी त्याला बखोटीला धरून गाडीवर मागे बसवलं.

तिरोड्याचा रस्ता त्या दिवशी संपता संपत नव्हता. दोन्हीकडे धानाची कापणी चाललेली, बाया वाकून कापत होत्या, एक पोरगी बांधावर बसून आरामात भाकर खात होती. कुंजीलालनं माझा शर्ट मुठीत धरला होता आणि माझ्या मानेजवळ सारखा खोकत होता. मध्येच बोलायचा, "तिकडे सायकल होती गा, इथं स्कूटी." मध्येच, "रामकलीले का सांगू?" मग म्हणाला, "मी तिले सांगतलं असतं का बेटा, नाई शिकायचं तं नको शिकू. नुसती घरी राय. दिसत राय." मी ओरडलो, "चूप बस ना बे!" आणि लगेच मला वाईट वाटलं, कारण माझ्याच डोळ्यांपुढे ती गंजलेली सायकल येत होती. मी ती मालिका पाहिलीही नव्हती.

धरणाच्या पाळीला वळलो आणि स्कूटी दिसली.

पाळीच्या कडेला, बाभळीखाली नीट उभी केलेली. हँडल लॉक. आरशाला हेल्मेट अडकवलेलं. पलीकडे लांबच लांब पाणी, वाऱ्यानं हलणारं. माणूस कोणी नाही. कुंजीलाल गाडीवरून उतरला, दोन पावलं चालला आणि खाली बसला. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. नाव बाहेर आलं नाही, खोकलाच आला. तो खोकत होता आणि हातानं पाण्याकडे दाखवत होता. मी उतारावरून धावत पाण्यापर्यंत गेलो. काय शोधत होतो मलाच माहीत नाही. चिखलात पावलांचे ठसे होते, पण ते गुरांचे होते.

थोड्या अंतरावर एक ढीमर झाडाच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. तो मला आधी दिसलाच नव्हता. तो म्हणाला, "कोन पाह्यजे? ते स्कूटीवाली पोरगी का? ते तं भैयाजीकडे गेली. टोलीचा रस्ता चिखलाचा हाय म्हून गाडी इथंच ठेवाले लावली मीनं."

कुंजीलाल जमिनीवर हात टेकवून उठला.

टोली, म्हणजे धरणाकाठची छोटी वस्ती, जवळच होती. भैयाजींच्या अंगणात पाऊल ठेवलं आणि मी आधी त्यांना ओळखलंच नाही. पोती पाठीवर घेऊन जिना चढणारा माणूस, तो बाजेवर उशांना टेकून बसला होता आणि प्रत्येक श्वास खांदे उचलून घेत होता. बाजेजवळ खाली योगेश्वरी बसली होती. जिवंत, धडधाकट, हातात चहाचा कप. आम्हाला पाहून ती दचकून उभी राहिली.

"बाबूजी, पाह्यला का? आठवा भाग? मी फोन लावूनच ठेवला होता. खोली बी त्या पोरीवानी आवरली, तुमाले समजन म्हून."

म्हणजे उशीवरचा फोन त्याच्यासाठी होता. त्याच्यात आठवा भाग उघडून ठेवलेला होता, नुसतं बोट लावायचं होतं. कुंजीलालनं फोनला हातही लावला नव्हता.

"तसबीर," तो कसाबसा बोलला. "ते पोरगी मेली ना, बेटा?"

"पोरगी कायले मरते? ते तसबीर बापाची हाय!"

आणि मग तिनं सांगितलं. त्या मालिकेतला बाप दगडाच्या धुळीत काम करतो आणि खोकला लपवतो. पहिल्याच भागात, मासे धरताना, तो दोनदा तोंड फिरवतो. पोरगी शहरातून येते ती त्यासाठीच. तिला बोलायचं असतं, पण जीभ रेटत नाही. खोली आवरून ती तळ्याकडे जाते ती बापाच्या जुन्या सोबत्याला भेटायला, त्याला दमा कसा सुरू झाला ते विचारायला. आठव्या भागात ती शेवटी बापाला विचारते, आणि बाप हसून टाळतो.

"नागपूरले मी रोज छातीचे फोटो पाह्यले, बाबूजी. मिलमध्ये काम करनाऱ्याइचे बी. दिवाळीले घरी आली, तुमचा खोकला भिंतीआडून आयकला, अना मंग माह्यानं परत जावलंच नाई."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तं तुमी हासले असते. त्या बापावानी." ती रडत होती. "अना मले बी भेव वाटे. विचारलं अना खरं निंघालं तं?"

मी मान खाली घातली. हे वाक्य मी काट्यावर तिच्या बापाच्या तोंडून ऐकलं होतं, जवळजवळ असंच.

भैयाजी काहीतरी बोलायला लागले. एकेक शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. "कुंजी, तीन जागा शिकवल्या तुले. अना चवथी गोष्ट? संशय आला तं का करायचं?"

कुंजीलालला ते माहीत होतं. मिलमध्ये त्यानं ते कितीदा केलं होतं. लबाड अडत्ये परखी जिथं पोचते तिथंच चांगला माल भरतात, म्हणून संशय आला तर पोतं उलटं करून सगळं जमिनीवर ओतायचं. लोकांच्या मालाबाबत त्याचं हे कधी चुकलं नाही.

"पोतं उलटं करायचं," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात त्याला खोकला आला. सवयीनं त्याचा हात गमछ्याकडे गेला, आणि त्यानं गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं. पण गेला नाही. अंगणाच्या मध्ये, पोरीसमोर उभा राहून तो खोकला. वाकून, दोन्ही गुडघ्यांना धरून, आतून काहीतरी ओढल्यासारखा. मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर काम करतो, पण तो खोकला मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकला. योगेश्वरी जवळ गेली आणि तिनं त्याच्या पाठीला कान लावला. भैयाजींनी डोळे मिटून घेतले. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहत होतो, आणि मला वाटत होतं की तिनं आता मान वर करू नये.

मला ते पाहवेना. माझ्याही घशात मघापासून खवखवत होतं, चिखलातून धावलो होतो ना. मी गोठ्यामागे गेलो, रुमाल तोंडावर दाबून खोकलो, डोळे पुसले आणि पाणी प्यायल्याचं दाखवत परत आलो.

योगेश्वरी माझ्याकडेच पाहत होती.

"कवडूकाका," ती म्हणाली, "उद्या बाबूजीले फोटो काढाले घेऊन जातो. तुमी बी चला."

"मी कायले? मी तं बाहेर काट्यावर असतो," असं म्हणून मी हसायला गेलो. ती हसली नाही. कुंजीलालही हसला नाही. तो माझ्याजवळ आला आणि त्यानं माझा हात धरला. त्या भित्र्याचा हात गरम होता, आणि माझा गार पडला होता.

"येतो," मी म्हणालो.